एकाच जागी दोन उत्तरं

समीकरणाचं उत्तर शोधताना संगणक दर फेरीत आपला अंदाज सुधारत नेतो; पडद्यावरचे आकडे एरवी चार-पाच फेऱ्यांत स्थिरावतात. आज मात्र ते रेंगाळत होते. दर फेरीत उत्तरापर्यंतचं उरलेलं अंतर जेमतेम निम्मं होत होतं.

"सर, इथे दोन उत्तरं एकाच जागी आहेत," माझी विद्यार्थिनी मेघना म्हणाली. तिने समीकरणातला एक आकडा किंचित बदलला. उत्तरं एकमेकांपासून सुटली आणि दोन्ही झटकन सापडली. गणित मात्र मूळचं राहिलं नव्हतं.

आमच्या घरचा फोन असाच वाजत राहायचा. मला वाटायचं बायको उचलेल, तिला वाटायचं मी. ती वारली. परवा लेक म्हणाली, "बाबा, हल्ली तुम्ही पहिल्याच रिंगला उचलता."