आईच्या नावाचं ताट

मुलुंडहून आरे कॉलनी काही फार लांब नाही, तरी मुलाने मला एसी टॅक्सी बोलावून दिली. रविवारी आमच्या सोसायटीत कचरामुक्त भोजन होतं. भाषण माझं, विषय ‘माझ्या आईची शिकवण’. पळसाच्या पत्रावळी हव्यात हा हट्टही माझाच. दीडशे पत्रावळी सांगायला मी बुधीमावशीकडे निघाले होते.

आम्ही जोगेश्वरीला चाळीत राहायचो तेव्हा मावशी आरेच्या पाड्यावरून (आदिवासी वस्तीवरून) टाकळ्याची भाजी पानांत बांधून आणायची. आई तिला आधी चहा द्यायची, मग भाजी बघायची. चाळीतल्या पूजेच्या जेवणाला प्रत्येक जण घरून ताट-वाटी आणायचा. अदलाबदल होऊ नये म्हणून ताटांवर नावं घातलेली. जेवणं झाली की नळावर बायकांच्या गप्पा आणि राखेने घासलेल्या ताटांचा खणखणाट. ते दिवस आठवले की अजून गलबलून येतं.

पवई मागे पडली आणि गाडी आरेच्या झाडीत शिरली. तबेल्यांचा वास आला, तोही मला हवाहवासा वाटला. पाड्याशी उतरताना ड्रायव्हरने विचारलं, “मॅडम, एसी चालू ठेवू ना?”

“ठेवा ना. दहा मिनिटांत आले.”

मावशी थकली होती, पण तिने मला लगेच ओळखलं. दीडशे पत्रावळी ऐकून मात्र ती हसायलाच लागली.

“एवढी पानं ओरबाडली तर झाडाला काय राहील? घरी ताटं नाहीत काय गं तुमच्या?”

मी विषय बदलला. तिने जेवायला बसवलं. तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी. भाकरी उचलली आणि खाली पुसट अक्षरं दिसली: सौ. शालिनी. माझी आई!

“माझ्या लेकीच्या लग्नात दिलेलं तिनं,” मावशी म्हणाली.

आईची अशी बारा ताटं माझ्याकडे होती. आई गेल्यावर मी ती भंगारात घातली आणि बांबूची पर्यावरणस्नेही ताटं मागवली. ती आली ती प्लास्टिकच्या फुग्याफुग्यांच्या कागदात गुंडाळून. मी त्या पुसट अक्षरांवरून बोट फिरवलं.

“मावशी, हे रविवारपुरतं देशील? भाषणात दाखवीन.”

“दाखवायला?” तिला खरंच कळेना. “मग मी जेवू कशात?”

बाहेर आले तेव्हा टॅक्सीचं इंजिन तासभर घुरघुरतच होतं. एसी बंद करायला सांगून मी खिडकी उघडली. मला स्वतःची भयंकर लाज वाटत होती.

घरी पोचल्यावर मी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं: पत्रावळी रद्द, भाषणही रद्द. प्रत्येकाने आपलं ताट आणावं.

रविवारी सगळे ताटं घेऊन आले. बांबूचं ताट काही माझ्याने उचलवेना. शेवटी शेजारच्या कुलकर्णीकाकूंकडून एक मागून आणलं आणि रांगेत उभी राहिले. त्यावर त्यांच्या आईचं नाव होतं.