छतावरच्या पावसातलं औषध

"सोसायटीनेच तलावात विष टाकलंय. तुम्ही फक्त रिपोर्टमध्ये तसं लिहा," आमच्या ऑफिसचे साहेब मला म्हणाले. तेव्हा माझा एक पाय नावेत होता आणि दुसरा काठावरच्या चिखलात.

मुलांनो, आजी लॅबमध्ये नक्की काय करायची, असं तुम्ही फोनवर विचारता. पाणी तपासायची. पाणी खोटं बोलत नाही. ते आणणारे आणि वाचणारे बोलतात.

हा तलाव नाकाडोंगरीच्या पुढे, डोंगरावरच्या जंगलात. आजूबाजूला एकही शेत नाही. मासेमारीचा ठेका गावातल्या मासेमार सोसायटीकडे. त्या पावसाळ्यात सोडलेलं मत्स्यबीज, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, वाढेना. उलट मरू लागलं. कोणीतरी तक्रार केली की, हे लोक विष टाकून मासे धरतात. आरोप सिद्ध झाला असता तर ठेका रद्द, आणि गावातल्या ढिवरांच्या, म्हणजे मासेमारांच्या, चुली थंड.

सोसायटीच्या अध्यक्ष सुमनबाई नावेची कड धरून उभ्या होत्या.

"आपल्याच ताटात कोणी जहर कालवते का जी, मॅडम?"

"लोक काहीही करतात," साहेब म्हणाले.

"लोक करत असन. आमी काहून करू?"

लॅबमध्ये मी ते पाणी मायक्रोस्कोपखाली पाहिलं. तलावाच्या पाण्यात टाचणीच्या टोकाएवढे जीव असतात. पिल्लं तेच खातात. ते जवळजवळ नव्हतेच. मग मशीनवर तपासलं. धानावरच्या, म्हणजे भातावरच्या, तुडतुड्यांसाठी मारतात ते कीटकनाशक सापडलं, अगदी लेशमात्र.

साहेब खूश झाले. "सापडलं ना?"

"सापडलं. पण विष ओतलं असतं तर मोठे मासे उलटे तरंगले असते. ते मजेत आहेत. पिल्लांचं खाणं मेलंय. पिल्लं उपाशी आहेत."

"मग आलं कुठून? जंगलात धान लावलाय का कोणी?"

प्रश्न चांगला होता. मी तलावाजवळच्या वनखात्याच्या चौकीच्या छतावर काचेची बाटली आणि स्टीलचं नरसाळं बांधलं. शेजारी शुद्ध पाण्याची एक बंद बाटली ठेवली. हिला ब्लँक म्हणतात. तिच्यात काही निघालं तर दोष आपल्याच हाताचा किंवा बाटलीचा. पाऊस पडला. ब्लँक स्वच्छ निघाली. पावसाच्या पाण्यात तेच औषध.

"म्हणजे यांनी छतावरही टाकलं?"

"सर, छतावर मासे नाहीत."

खाली सपाटीवर मैलोन्मैल धान. तिथे सगळे एकदमच फवारतात, कारण एकट्याने फवारलं तर तुडतुडे शेजाऱ्याकडे मुक्कामाला जातात. हल्ली ड्रोनही असतो. आणि सगळे एक नियम काटेकोर पाळतात: वाऱ्याकडे पाठ करून फवारा, म्हणजे औषध तोंडावर येत नाही. त्या दिवसांत वारा डोंगराकडे वाहतो. तोंडावर न आलेलं औषध डोंगराकडे जातं आणि पावसाबरोबर खाली उतरतं. या नियमाचं रंगीत पोस्टर साहेबांच्या खुर्चीमागेच लावलेलं होतं. सल्ला चुकीचा नव्हता. तो शेतकऱ्याच्या नाकापर्यंतच विचार करत होता, एवढंच.

"मग दोषी म्हणून कोणाचं नाव लिहायचं?"

"वाऱ्याकडे पाठ करून उभ्या असलेल्या सगळ्यांचं."

"सगळे म्हणजे कोणीच नाही," साहेब म्हणाले आणि त्यांना एकदम हलकं वाटलं.

सुमनबाईंना मी हे सांगितलं, तेव्हा त्या मोठ्याने हसल्या. "आमी मूठभर होतो त धराले आले. आता सारा जिल्हाच निंगला, त सोडून राहिले!"

ठेका वाचला. फाइल 'नैसर्गिक कारण' म्हणून बंद झाली. सोसायटीने पुन्हा पिल्लं सोडली, पण या वेळी फवारणी उरकल्यावर. निम्मी तरी जगली. आमच्या ऑफिसने तलावाकाठी पाटी लावली: 'येथे कीटकनाशक टाकण्यास सक्त मनाई आहे.' पुढच्या हंगामातही वाऱ्याने ती वाचली नाही.

नमुना घ्यायला जाताना दोन गोष्टी स्वच्छ हव्यात, बाटली आणि डोकं. बाटली धुवायला तरी आमच्याकडे सॉल्व्हंट होतं.