कोऱ्या फाईलला पैकीच्या पैकी

ऑफिसात तिला सगळे शंकाताई म्हणायचे, अगदी तोंडावर! आणि तिला त्याचं काही वाटायचं नाही, कारण शंका घेणं हेच तर तिचं काम. दवाखान्यांच्या अपॉइंटमेंटचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीत ती बावीस वर्षं टेस्टर होती. दुसऱ्यांनी केलेल्या प्रोग्रामची बटणं दाबदाबून चुका शोधायच्या. जन्मतारीख पुढच्या वर्षीची टाक, वय उणे पाच टाक, नावाच्या जागी नुसतं टिंब दे. "हिच्या हातून देवसुद्धा पास व्हायचा नाही," असं शेजारच्या टेबलावरचा टेस्टर म्हणायचा. त्याचं नाव पडलं होतं घाईबुवा, का ते सांगायला नकोच.

मग एक दिवस मेल आला. यापुढे हाताने बटणं दाबणं बंद, टेस्ट कोडमध्ये लिहायच्या. चार महिने ट्रेनिंग, शेवटी परीक्षा, तीन संधी, साठ मार्क हवेत. नाहीतर खालच्या मजल्यावर तक्रारींचे फोन घ्यायचे.

"मी चूक शोधणारी बाई आहे," शंकाताई घरी येऊन म्हणाली, "चुकीची माफी मागणारी नाही. मी हे शिकणार म्हणजे शिकणार."

आणि बसली की खरंच! एकोणपन्नासाव्या वर्षी, जेवणाच्या टेबलावर, कॉलेजात जाणाऱ्या मुलीला गुरू करून.

"आई, कंस बंद कर."

"केला की."

"दोन उघडलेस, एकच बंद केलास."

"बाई गं, एवढ्या कड्या तर मी घराला लावत नाही!"

पहिल्या संधीत चाळीस. दुसरीत बावन्न. घाईबुवाने तीन प्रश्न सोडून दिले आणि त्याला पहिल्याच फटक्यात नव्वद. तो वर तिलाच सांगतो, "ताई, तुम्ही फार लिहिता!" तिला इतका राग आला, इतका, की तिसऱ्या वेळी तिने दोन तास मान वर केली नाही. सगळं लिहिलं, फाईल पाठवली, आणि स्क्रीनवर आलं: शंभर.

सगळा वर्ग टाळ्या वाजवतोय. ट्रेनिंगचे सर, तिच्याहून वीस वर्षांनी लहान, हात जोडून म्हणाले, "ताई, मानलं!"

घरी आल्यावर तिने आपली उत्तरं पुन्हा कौतुकाने उघडली. आणि बघते तर काय! लिहिलेली फाईल तिथेच होती, गेलीच नव्हती. गेली होती स्क्रीनवर तिच्या शेजारी दिसणारी दुसरीच फाईल. कोरी. एक अक्षर नसलेली.

"मार्क कसे दिले मग?" मुलगी म्हणाली.

शंकाताईने पेन्सिल घेतली, तिन्ही वेळचे निकाल समोर मांडले आणि पाच मिनिटांत म्हणाली, "तपासणारा प्रोग्राम फक्त चुका मोजतोय. काही लिहिलंच नाही तर चूक कुठून येणार? चूक शून्य, म्हणून मार्क पैकीच्या पैकी."

"आई, प्लीज. गप्प बस. पास झालीस ना? उगाच फोनवर जाऊन बसशील!"

"अगं, मला हे दिसलंय. आता न दिसल्यासारखं कसं करू? मग मी टेस्टर कसली!"

दुसऱ्या दिवशी सरांच्या समोर तिने पुन्हा कोरी फाईल पाठवली. शंभर. सरांचा चेहरा पडला. तपासणीचा प्रोग्राम त्यांनीच लिहिला होता.

"पंधरा दिवसांनी सगळ्यांची परीक्षा परत घ्यावी लागेल," ते हळूच म्हणाले. "आणि तुमचीही, ताई. तुम्हाला मात्र एकच संधी."

"घ्या."

"बरं, मग एक करा. ही चूक पकडणारी टेस्ट तुम्हीच लिहून आणा. कोडमध्ये."

त्या पंधरा दिवसांत वर्गात तिच्याशी कोणी धड बोललं नाही. घाईबुवा तर डबा उचलून दुसऱ्या टेबलावर गेला. "स्वतः बुडाल्या ते बुडाल्या, आम्हालाही घेऊन बुडाल्या!" तिने ऐकलं, आणि कोड उघडला. कोरी फाईल पाठव, शून्य आलं पाहिजे. एवढंच सांगायचं होतं! चार ओळी, तीन दिवस. चालवली तेव्हा स्क्रीन लालभडक झाली, म्हणजे चूक पकडली गेली, आणि ती खुर्चीतून उठून ओरडली, "सापडली!" चार महिने जे डोक्यात शिरत नव्हतं ते त्या लाल रंगात शिरलं. अरे, हे तर आपलंच काम! फक्त बोटाऐवजी ओळी दाबतायत बटणं.

सरांनी प्रोग्राम दुरुस्त केला. परीक्षा झाली. घाईबुवाला अठ्ठेचाळीस, पण त्याची अजून एक संधी बाकी होती. शंकाताईने या वेळी फाईलचं नाव तीनदा वाचलं, मग पाठवली.

त्रेसष्ट.

मुलीला फोन लावायचा, पेढे सांगायचे, काहीतरी करायचं ना? नाही! ही बाई हलेना.

"ताई, पास झालात!" सर म्हणाले.

"थांबा हो. आधी एक कोरी पाठवा."

सरांनी पाठवली. शून्य.

"हां," शंकाताई म्हणाली, आणि मग कुठे हसली. वळून घाईबुवाला म्हणाली, "डबा घेऊन ये इकडे. तुझे कंस बघू."