इतिवृत्तात नसलेलं बोलणं

"आधी वास घ्या, मग बोला."

असं म्हणून ती टोपलीतलं बोईट सरळ साहेबांच्या टेबलावर ठेवायची. कागदांवर पाणी उतरायचं, शिपाई धावायचा. ती मात्र कमरेवर हात ठेवून उभी. मासा ताजा असायचा, पण नाक जवळ नेलं की रॉकेलसारखा दर्प यायचा.

मी तेव्हा पालघरच्या एका सरकारी कचेरीत आवक-जावक कारकून होतो. तुमच्यापैकी कुणी त्या काळी तिथे रांगेत उभं राहिलं असेल, तर तुम्ही तिला नक्की पाहिलं असेल. नवापूरची, साठीकडे झुकलेली, गुडघ्यापर्यंत घट्ट नेसलेलं लुगडं, पायांवर खाडीच्या पाण्याने उठलेले चट्टे. कारखान्यांचं घाण पाणी खाडीत येतं, ही तिची एकच तक्रार. अर्ज कुणाकडून तरी लिहून आणायची आणि पोचेचा शिक्का उमटेपर्यंत हलायची नाही. मग मला विचारायची, "भाऊ, आता सरकारला कललं ना?"

"कळलं," मी म्हणायचो.

बोईसरच्या बाजारातही ती बसायची. माझी बायको एकदा तिच्याकडे गेली. आम्ही कराडकडची माणसं, आम्हाला माशाची पारख कुठली?

"हे नको नेऊ बाय," ती म्हणाली. "खाडीचं हाय, वास मारतं."

"मग विकायला कशाला बसलात?"

"घरी बसून काय करू? घेईल त्याला सांगते."

त्या दिवशी तिची टोपली भरलेलीच परत गेली. शेजारच्या बायका भडकल्या; तिच्यामुळे त्यांचंही गिऱ्हाईक तुटत होतं. पुढे तिने मासे विकणंच सोडलं.

मग एकदा सरकारने नवापूरच्या शाळेत सभा बोलावली. कारखान्यांचं पाणी पाइप टाकून समुद्रात लांब सोडायचं घाटत होतं, त्यावर लोकांचं मत हवं होतं. इतिवृत्त लिहायला साहेबांनी मला नेलं. तरुण मंडळी म्हणाली, कारखाने आहेत म्हणून घरात चूल पेटते. तेही खोटं नव्हतं. तिचा स्वतःचा मुलगा कारखान्यातच होता. ती बोलायला उठली तेव्हा तो मागून हळूच म्हणाला, "आये, बस ना."

ती बसली नाही.

"माजा पोरगा तिथंच कामाला हाय. त्याच्याच पगाराचं जेवते. कारखाने बंद करा, असं मी नाय बोलत. पाणी साफ करून सोडा, बोलते. आज खाडीतनं काढून दर्यात टाकाल. दर्यातनं मग कुठं टाकाल?"

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. खाली बसताना तिने माझ्या वहीकडे बोट केलं. "लिवलं?"

"शब्द न शब्द," मी म्हटलं, आणि ते खरं होतं. जाताना तिने हजेरीच्या कागदावर अंगठा उठवला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी माझी पानं चाळून बाजूला सारली. "एवढं कोण वाचतं? लिहा, काही ग्रामस्थांनी वासाबद्दल शंका विचारली, तिचं निरसन केलं. एकंदर मत अनुकूल."

माझी आई गावी अंथरुणाला खिळली होती आणि माझा बदलीचा अर्ज त्याच टेबलावर पडून होता. मी लिहिलं. हजेरीचा कागद मागे जोडला. तिचा अंगठा त्या 'अनुकूल'च्या खाली गेला.

त्यानंतर ती कचेरीत आली नाही. वर्षभराने माझी बदली झाली. निघण्याआधी तिला खरं काय ते सांगून टाकायचं, असं ठरवून मी नवापूरला गेलो. सून ओट्यावर भांडी घासत होती. पालघरच्या कचेरीतला म्हटल्यावर तिने पदराला हात पुसले आणि मला आत बसवलं. सासूला जाऊन महिना झाला होता.

"तुमीच काय ते लिवणारे भाऊ?" ती म्हणाली. "शेवटी लय दमायची. आमी बोललो, परत अर्ज देऊ का? तर बोलली, नको. माजं सगलं सरकारात लिवलेलं हाय. कुणीतरी कधीतरी वाचल." मग जरा थांबून तिने विचारलं, "हाय ना हो लिवलेलं?"

"आहे," मी म्हणालो.

ती चहा ठेवायला उठली. मला नको म्हणता आलं नाही.