चुकीचा ळ

ऑफिसात त्याला सगळे कुलूपमास्तर म्हणत. लोकांची माहिती चोरांच्या हाती लागू नये म्हणून ती संगणकात कुलूपबंद करायची, हे त्याचं काम. गडी पक्का संशयी! घरच्या फायली तर तो चक्क तमिळमध्ये बंद करायचा. बायकोची मायबोली तमिळ. ती स्वयंपाकघरातून रोज तमिळमध्ये ओरडायची, "ताट वाढलंय, किती वेळ वाट बघू?" तेच वाक्य त्याने कानाला ऐकू आलं तसं तमिळ अक्षरांत लिहिलं आणि त्याची किल्ली केली. आता तमिळमध्ये न दोन, र दोन, ळही दोन. याच्या कानाला सगळे सारखेच. म्हणजे चुकांचा नुसता सुकाळ! "खुद्द तमिळ माणसाच्या बापालाही हे उघडायचं नाही," असं तो मिशीत हसत सांगायचा.

मग तिच्या घशात गाठ निघाली. स्वरयंत्र काढावं लागणार होतं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तिने त्याच्यासाठी तासभर बोलून रेकॉर्ड करून ठेवलं. या शहाण्याने ते त्याच किल्लीने बंद केलं, वर दहा वेळा किल्ली चुकली की सगळं आपोआप पुसलं जाईल अशी सोयही केली. दुसरी प्रत? छे! चोराला वाट कशाला ठेवा?

त्याला सात महिने झाले. आता ती पाटीवर लिहून बोलते, रागावली की तमिळमध्ये. ते वाचून वाचून याचं तमिळ सुधारलं, आणि तिथेच घात झाला. एवढ्या दिवसांत किल्ली लागलीच नव्हती. आज पहिल्यांदाच तिच्या आवाजाची फाइल उघडायला बसला, तर बोटं शुद्धच लिहायला लागली. ते चाललं नाही. एक ळ बदलला, मग र, मग दोन्ही. नऊ वेळा नकार आला. आता एकच संधी उरली. त्याने बायकोला हाक मारली.

"अगं, मी तेव्हा काय लिहिलं असेन?"

तिने लिहिलं, "तुम्हाला ऐकू आलं तसं."

"मग म्हण ना एकदा!" तो बोलून गेला आणि त्याने जीभ चावली.

तिने तरीही ओठ हलवले. श्वास आता गळ्याच्या भोकातून जातो. तोंडातून साधी फुंकरही आली नाही. मग तिने पाटी पुसली. "राहू द्या. आत सुरक्षित आहे ना?"

"डोंबलाचं सुरक्षित! मला तुझा आवाज आठवत नाही गं. सकाळी उठलो आणि आठवेचना!"

तिने खडू उचलला आणि शुद्ध तमिळमध्ये लिहिलं, "ताट वाढलंय, किती वेळ वाट बघू?"