तांब्यातलं पाणी आणि मागचा शाफ्ट

बायको गेल्यावर आठ महिन्यांनी लेकीने माझ्याकडे जीपची चावी मागितली. आम्ही दोघं तारकर्लीहून मिठबावच्या आमच्या आंब्याच्या बागेत निघालो होतो. पन्नासच्या वेगाला जीप बुडाखालून थरथरायला लागली. लेक रस्ता सोडून स्टीअरिंगवरच्या माझ्या हातांकडे बघत होती.

"गाडी थरथरणा नाय बाबा, तुमचे हात थरथरतत."

माझ्या हातात चहाची बशी खडखडते, हे तिने बघितलेलं. ती म्हणाली, कुडाळच्या मेस्त्रीला दाखवा, गाडीत काही सापडलं नाही तर चावी माझी. मी हो म्हटलं आणि आतून घाबरलो. बागेपर्यंत एसटी जात नाही. तिथल्या कलमांना आम्ही नवरा-बायकोने घागरीने पाणी घातलंय. घरात ती नाही हे प्रत्येक खोलीत कळतं, बागेत तेवढं कळत नाही. म्हणून मला जीप हवी. दुसरं काही कारण नाही.

बागेच्या वाटेवर जांभा दगड, गाडीचं पोट घासायचं. म्हणून मी ती चार बोटं उंच करून घेतली होती. तेव्हा बायको म्हणाली, "चढूक आता माका शिडी होयी." शिडी काही मी आणली नाही. ती घरातला पाट घेऊन निघायची, त्यावर पाय ठेवून चढायची आणि दोरीने पाट वर ओढून घ्यायची. तो पाट अजून सीटमागेच आहे.

मेस्त्रीला सगळं सांगितलं, हातांचंही. तो हसला नाही. "काकानू, आपण पाण्याक इचारूया," म्हणाला. तांब्या भरून त्याने पायांपाशी फळीवर ठेवला आणि मला चालवायला लावलं. पन्नासला पाणी नाचायला लागलं.

"तांब्यो तुमच्या हातात आसा काय?"

"नाय."

"मगे?"

त्याने मला चालत्या गाडीत गिअर काढायला सांगितला. इंजिन निवांत झालं, पाणी नाचतच राहिलं. म्हणजे इंजिन नव्हे. परत आल्यावर त्याने मागच्या चाकांना जोर देणारा लांब शाफ्ट खोलून बाजूला ठेवला, फोर व्हीलचा दांडा टाकला आणि म्हणाला, आता नुसत्या पुढच्या चाकांवर चालवा. पन्नास झाले, पंचावन्न झाले. तांब्यातलं पाणी विहिरीसारखं गप्प. मी स्टीअरिंगवरचे माझे हात बघितले. काळे, गाठी आलेले, पण गप्प. रस्त्याच्या कडेला गाडी लावून मी नाक शिंकरलं. मेस्त्री उगाच बाहेर बघत बसला.

गॅरेजात त्याने तो शाफ्ट मांडीवर घेतला. "ह्यो कोणी खोललो होतो?"

"मियाच. रंग लावूक."

खाऱ्या वाऱ्याने आमच्याकडे पत्रा खाल्ला जातो, म्हणून पावसाच्या आधी गाडीच्या पोटाला काहीतरी फासावंच लागतं. यंदा घरी बसवत नव्हतं. मी शाफ्टही उतरवला, त्याचे दोन तुकडे वेगळे केले आणि होडीचा उरलेला लाल रंग दोन हात दिला. मग जोडून जीप मांगरात, छपराखाली ढकलली. चार महिने ती तिथेच उभी. बाहेर काढेपर्यंत मी ते काम विसरूनही गेलो होतो.

"तुमी गाडी रंगवल्यात की होडी?" मेस्त्रीने रंग खरवडला. दोन्ही तुकड्यांवर एकेक बाण निघाला. ते समोरासमोर हवेत. माझा एक आकाशाकडे, एक कुडाळ स्टेशनाकडे. तसं जोडलं की दोन टोकांचे सांधे एकमेकांच्या उलट ओढतात. गाडी उंच केलेली, त्यामुळे शाफ्ट जास्त तिरका, आणि थरथर जास्त. "आधी सांगूक काय झाला होता?" तो ओरडला. एवढं ओरडून घ्यायला मला कधी बरं वाटलं नव्हतं.

बाण जुळवून शाफ्ट बसवला. रविवारी लेक आली. तिला काही सांगितलं नाही, तांब्या भरून ठेवला आणि बस म्हटलं. साडी सावरून तिने चढायला दोनदा उडी मारून बघितली. मग म्हणाली, "आईचो पाट खंय आसा?"

मिठबावपर्यंत पाणी सांडलं नाही. वाटेत मी तिला लाल रंगाचं आणि बाणांचं सगळं सांगितलं. बागेत पोचल्यावर तिने तांब्यातलं पाणी एका कलमाला घातलं आणि म्हणाली, "चावी तुमच्याकडेच ऱ्हवांदे. पण पुढच्या वर्षी रंग लावताना माका बोलवा."

घरी परतून गाडी बंद केल्यावर माझे हात थोडे थरथरले. तिने बघितलं आणि दोरीने पाट खाली सोडला.