सोडलेली जागा

अंबरपेठेतला माझा मिस्त्री गाडी आली की आधी पाना घेऊन तिच्याखाली शिरायचा. डोळे मिटून चासी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, ठोकत जायचा आणि आवाजावरून बिघाड सांगायचा. खर्च मात्र अगदी हळू आवाजात सांगायचा, घरात कुणी आजारी असल्यासारखा. "क्लच प्लेट गई, साब. आठ हजार लगते."

माझ्या जुन्या पिकअपखालून तो लगेच बाहेर आला. "चासी को क्रॅक है. बदलनाच पडता, लाखभर जाते. तब तक लोड नक्को डालो."

मी दुसरीकडून वेल्डिंग करून घेतलं, वर काळा रंग मारला आणि गाडी विकायला काढली. घेणारा भाजीवाला ती तपासायला नेमका त्याच मिस्त्रीकडे घेऊन आला. मीही सोबत होतो. बायको-पोरंही मागे बसून बाजाराला येतील, असं तो कौतुकानं सांगत होता.

मिस्त्री खाली शिरला. टण, टण, टण. वेल्डिंगपाशी पाना थांबला आणि तेवढी जागा सोडून पुढे वाजू लागला.

"चलती," तो बाहेर येऊन म्हणाला. माझ्याकडे त्यानं पाहिलं नाही.

आता तो कुणाचीच गाडी ठोकून बघत नाही. पाना हातात तसाच धरून मालकालाच विचारतो, "क्या हुआ इसको, आपीच बोलो."